ओलाव्याचा शेतकरी आणि अवकाशातील युद्ध : एका नावडीचे समर्थन

१

विज्ञानकथेचा व्यासंगी वाचक लोकप्रिय अवकाशमालिकांविषयी नावड व्यक्त करतो तेव्हा त्याच्यावर सहसा दोन आरोप केले जातात. पहिला आरोप अभिजनवादाचा. जे कोट्यवधी प्रेक्षकांना आवडते ते नाकारणे म्हणजे स्वतःच्या अभिरुचीचे सोवळे मिरवणे होय, असे लोकप्रिय संस्कृतीचे अभ्यासक सांगतात. दुसरा आरोप रुक्षतेचा. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज ऐकू येत नाही, पार्सेक हे अंतराचे एकक आहे, काळाचे नव्हे, अशा चुका काढत बसणाऱ्याला कल्पनेचा आनंद घेताच येत नाही, असे मालिकांचे चाहते म्हणतात. या नावडीमागे काही वाङ्मयीन विचार असू शकेल, ही शक्यता दोन्ही आरोपांत गृहीतच धरलेली नसते. वस्तुतः नावड हाही एक वाङ्मयीन निर्णय असतो. त्यामागे निकष असतात, आणि निकष उघड मांडले की त्यांची चिकित्सा करता येते. आवड मात्र स्वतःचे निकष मांडण्यापासून बहुधा सुटका करून घेते. कारण लोकप्रियता हाच तिचा पुरावा मानला जातो.

ही चर्चा धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात करण्याला कारण आहे. ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली उस्मानाबाद येथे भरले. (शहराचे आणि जिल्ह्याचे धाराशिव असे नामांतर २०२३ मध्ये झाले.) त्यानंतरचे ९४ वे संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झाले आणि त्याचे अध्यक्षपद जयंत नारळीकर यांच्याकडे आले. मराठी साहित्यव्यवहाराने ज्या लेखनप्रकाराला दीर्घकाळ ओसरीवर बसवून ठेवले होते, तो प्रकार अशा रीतीने माजघरात आला असे मानण्यात आले. परंतु व्यासपीठावर आलेला प्रकार अभ्यासात आला, असे म्हणता येत नाही. विज्ञानकथा हा शब्द उच्चारताच पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे आज प्रकाशाच्या तलवारी, शिरस्त्राणधारी सेना आणि ग्रह फोडणाऱ्या तोफा उभ्या राहतात. प्रकाराचे नावच एका उद्योगाने व्यापून टाकले आहे. परिणामी भूम, परंडा किंवा कळंब तालुक्यातील एखादा विद्यार्थी दुष्काळाविषयी विज्ञानकथा लिहू पाहील, तर ती विज्ञानकथा आहे असे त्याला स्वतःलाच वाटणार नाही. या चर्चेत पणाला लागलेले आहे ते हे. एखाद्या प्रदेशाला स्वतःचे भविष्य कल्पिण्याचा वाङ्मयीन अधिकार आहे किंवा नाही, असा तो प्रश्न आहे.

२

अभिजनवादाचा आरोप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. अवकाशातील साचेबंद साहसकथांना उद्देशून 'स्पेस ऑपेरा' ही उपहासात्मक संज्ञा १९४१ मध्ये विल्सन टकर याने वापरली. टकर हा विद्यापीठीय समीक्षक नव्हता. विज्ञानकथेच्या चाहत्यांच्या वर्तुळातच वावरणारा, त्यांच्या हौशी नियतकालिकांतून लिहिणारा वाचक-लेखक होता. म्हणजे नावडीची ही परंपरा प्रकाराच्या आतूनच जन्मलेली आहे. जे. जी. बॅलार्ड याने १९६२ मध्ये अवकाशयाने आणि परग्रहांवरील युद्धे यांचा कंटाळा स्पष्ट शब्दांत व्यक्त करून विज्ञानकथेने मानवी मनाच्या अंतरावकाशाकडे वळावे असे प्रतिपादन केले, तेही विज्ञानकथेच्याच मासिकातून. अर्सुला ले ग्विन हिने १९७५ मध्ये अमेरिकन विज्ञानकथेतील 'पर' या संकल्पनेची झडती घेतली आणि आकाशगंगाभर पसरलेली ही साम्राज्ये म्हणजे एकोणिसाव्या शतकातील वसाहतवादाचीच छाया असल्याचे दाखविले. पोलंडच्या स्तानिस्वाव लेम याला अमेरिकन विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने १९७३ मध्ये सन्माननीय सदस्यत्व दिले आणि १९७६ मध्ये ते काढून घेतले. अमेरिकन विज्ञानकथेच्या बाजारूपणावर त्याने केलेली कठोर टीका त्या वादाच्या मुळाशी होती. हे सारे लेखक या प्रकारावर उपजीविका करणारे, त्याच्यावर प्रेम करणारे होते. त्यांना अभिजन म्हणायचे तर तो शब्दच निरर्थक होतो.

येथे एक भेद करणे न्यायाचे ठरेल. 'स्टार ट्रेक' आणि 'स्टार वॉर्स' यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. १९६६ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक'ने थिओडोर स्टर्जन, हार्लन एलिसन यांच्यासारख्या विज्ञानकथालेखकांकडून भाग लिहून घेतले. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती मालिका दाखविली गेली तेव्हा मराठी घरांतील एका पिढीला परग्रहावरील समाजाचा विचार करण्याची पहिली संधी त्यातून मिळाली, हेही मान्य केले पाहिजे. तथापि एलिसनने १९६७ मधील आपल्या भागाच्या संहितेत निर्मात्यांनी केलेल्या फेरबदलांविषयी पुढे आयुष्यभर जो संताप व्यक्त केला, त्याचे कारण वैयक्तिक मानापमानात शोधणे पुरेसे नाही. मालिकेच्या बंधाचा एक नियम असतो: या आठवड्यात काहीही घडो, पुढच्या आठवड्यात जहाज, कप्तान आणि त्यांचे परस्परसंबंध पूर्ववत असले पाहिजेत. जी घटना जगाला कायमची बदलून टाकते ती या बंधाला परवडत नाही. विज्ञानकथेचे तर सारे प्रयोजनच जगाला कायमची बदलून टाकणारी घटना कल्पिण्यात असते. प्रकाराची गरज आणि मालिकेचा नियम यांच्यातील हा विरोध मूलभूत आहे. तो चांगल्या लेखकाने मिटत नाही.

'स्टार वॉर्स'च्या बाबतीत हा नियम मालमत्तेच्या कायद्यापर्यंत पोहोचतो. १९७७ मध्ये चित्रपट म्हणून सुरू झालेले हे कथाविश्व २०१२ मध्ये डिस्ने कंपनीने सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतले. एप्रिल २०१४ मध्ये मालक कंपनीने जाहीर केले की तोपर्यंत प्रसिद्ध झालेल्या शेकडो कादंबऱ्या व चित्रकथांतील घटना यापुढे अधिकृत मानल्या जाणार नाहीत. वाचकांनी अनेक वर्षे जे वाचले, त्यातील कोण जन्मले, कोण मेले, हे सर्व एका निवेदनाने रद्दबातल झाले. लोककथेत पाठभेद असतात आणि ते सारे एकत्र नांदतात. येथे पाठभेदांवर मालकी असते. या कथाविश्वाला आधुनिक लोककथा म्हणणाऱ्यांनी या घटनेचा अन्वयार्थ लावावा.

३

आता संहितेकडेच वळू. १९७७ च्या चित्रपटाचा नायक एका वाळवंटी ग्रहावर काका-काकूंच्या घरी वाढतो. काका ओलाव्याचा शेतकरी आहे. हवेतील आर्द्रता यंत्रांनी गोळा करून पाणी मिळविणे हा त्याचा व्यवसाय. यंत्रमानव विकत घेताना तो त्याला ओलावा-यंत्रांची भाषा येते की नाही हे विचारून घेतो. पुतण्या घर सोडून जाऊ पाहतो तेव्हा सुगीपर्यंत थांब, असे त्याला सांगतो. या दोन-तीन तपशिलांत एका समर्थ विज्ञानकथेचे बीज आहे. ज्या जगात पाणी हवेतून काढावे लागते तेथे हवेवर मालकी कोणाची? शेजाऱ्याच्या यंत्रांनी ओलावा आधीच शोषून घेतला तर तक्रार कोठे करायची? यंत्र घेण्यासाठी कर्ज कोण देतो आणि यंत्र बिघडल्यावर ते कसे फिटते? सुगी बुडाली तर मुलीचे लग्न, आजाऱ्याचे औषध यांचे काय होते? अशा घरातला तरुण घर सोडून गेला तर मागे राहणाऱ्यांचे काय?

चित्रपट यांपैकी एकही प्रश्न विचारत नाही. साम्राज्याचे सैनिक घर जाळतात, काका-काकू मरतात, नायक मोकळा होतो. शेती हे नायकाला घराबाहेर काढण्याचे निमित्त ठरते आणि निमित्ताचे काम संपताच ती संहितेतून नाहीशी होते. पुढील चित्रपटांत कथानक त्या ग्रहावर वारंवार परतते. ओलाव्याच्या शेतीचा प्रश्न मात्र कथानकाच्या केंद्राशी कधी येत नाही. २०२१-२२ च्या 'द बुक ऑफ बोबा फेट' या दूरचित्रवाणी मालिकेत चढ्या भावाने पाणी विकणारा एक व्यापारी येतो खरा. पण बंदूकधारी नायक त्याला ठरविलेली रक्कम देऊन वाटेला लावतो आणि विषय तेथेच मिटतो. पाणी हा प्रश्न नसून नायकाचे औदार्य दाखविण्याची ती जागा आहे.

बालाघाटाच्या माथ्यावर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेल्या धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला हे चित्रण खोटे वाटले तर ती त्याच्या कल्पनाशक्तीची उणीव म्हणता येईल काय? याच जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या लातूरमध्ये मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या साठ्यांभोवती जमावबंदीचा आदेश काढावा लागला, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी आणावे लागले. डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे त्याआधी अवघे चार महिने, 'स्टार वॉर्स'चा नवा चित्रपट जगभर प्रदर्शित झाला होता, आणि त्याचाही आरंभ आणखी एका वाळवंटी ग्रहावर होतो. तेथील नायिका भंगार वेचून पोट भरते, हे दृश्य प्रभावी आहे. पण त्या ग्रहाला ऋतू नाहीत, पाणवठे नाहीत, जमावबंदी नाही. एक ग्रह म्हणजे एक हवामान, एक हवामान म्हणजे एक रंग, आणि रंग म्हणजे पार्श्वभूमी, असे या मालिकांचे भूगोलशास्त्र आहे. ज्याला तिसऱ्या दिवशी येणाऱ्या टँकरचा हिशेब ठाऊक आहे, त्याला हा भूगोल पटत नाही. आणि न पटणे हीच त्याची वाचक म्हणून पात्रता आहे.

अवकाशात कथा नेली की असे होणे अपरिहार्य आहे, हा बचाव फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या १९६५ मधील कादंबरीने आधीच खोडून काढलेला आहे. तेथेही वाळवंटी ग्रह आहे, सम्राट आहे, युद्ध आहे. परंतु अंगातला घाम पुन्हा पिण्यायोग्य करणारा पोशाख, मृताच्या देहातील पाण्यावर टोळीचा हक्क, पाहुण्यासमोर थुंकणे हा पाणी दिल्याचा सन्मान, असे आचारविचार पाण्याच्या टंचाईतून क्रमाने निष्पन्न होतात. धर्म, राजकारण, प्रेम यांतील काहीही तेथे पाण्यापासून सुटे काढता येत नाही. हर्बर्टच्या मसीहाविषयी आणि त्याने रेखाटलेल्या वाळवंटी जमातीविषयी अनेक आक्षेप घेता येतील; तरीही एक गोष्ट त्याने सिद्ध केली की ग्रह हा पडदा नसून कारण असू शकतो. म्हणून प्रस्तुत नावडीचा विषय अवकाश नाही, साहस नाही, लोकप्रियताही नाही. परिणामशून्य कल्पना हा तिचा विषय आहे.

४

'परिणाम' हा निकष अधिक स्पष्ट करण्यासाठी एका अनपेक्षित संहितेकडे पाहता येईल. कळंब तालुक्यातील हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा ग्रामीण कथा म्हणून वाचली जाते आणि तिच्यात विज्ञान म्हणून काही नाही. बाजारात टोमॅटोचा भाव कोसळतो, एवढेच घडते. पण त्या एका आकड्यामुळे बाप आणि मुलगा यांचे नाते, श्रमाचा अर्थ, बाजार नावाच्या जागेचे स्वरूप, अखेरीस पिकाकडे पाहण्याची शेतकऱ्याची दृष्टी हे सर्व बदलून जाते. लेखकाने एक घटक हलविला आणि त्याचा ताण संपूर्ण जगावर पडू दिला. ही पद्धत नेमकी विज्ञानकथेची आहे. फरक असलाच तर इतकाच की वास्तववादी कथा प्रत्यक्षातील घटक हलविते आणि विज्ञानकथा संभाव्यातील. या अर्थाने चंदनशिवांचा बाजार विज्ञानकथेला जितका जवळचा आहे, तितकी आकाशगंगेतील एकही लढाई जवळची नाही.

डार्को सुविन याने १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेची जी मीमांसा केली तिच्याशी हा निकष सुसंगत आहे. सुविनच्या मते विज्ञानकथा हे बोधात्मक अपरिचितीकरणाचे वाङ्मय आहे. ज्याला तो 'नोव्हम' म्हणतो ते नवतत्त्व कथेच्या जगावर अधिराज्य गाजविते, आणि वाचक त्या जगातून परतताना स्वतःच्या जगाकडे नव्या, चिकित्सक दृष्टीने पाहू लागतो. मालिकांतील नवतत्त्वे या कसोटीला लावून पाहावीत. प्रकाशाहून वेगाने धावणारी याने आहेत, पण अंतराने येणारा विरह, भाषाभेद किंवा व्यापारातील तफावत नाही. बोलणारे, विचार करणारे यंत्रमानव आहेत, त्यांची खरेदी-विक्री होते. पण ही गुलामगिरी आहे काय, असा प्रश्न मुख्य कथानकाला कधी अडवत नाही. नवतत्त्वे शेकडो आहेत, अधिराज्य एकाचेही नाही. अधिराज्य आहे ते राजपुत्र, राजकन्या, खलपुरुष आणि वंशशुद्ध वारसा यांचे. म्हणजे नवतत्त्वाच्या वेषात पुरातन तत्त्वाचेच.

याच टप्प्यावर समर्थकांचा सर्वांत प्रतिष्ठित युक्तिवाद येतो. ही मालिका म्हणजे आधुनिक मिथक आहे, आणि मिथकाला वास्तवाचे प्रश्न विचारणे हा प्रकारभेदाचा गोंधळ आहे, असे सांगितले जाते. जोसेफ कॅम्पबेल याच्या १९४९ मधील ग्रंथातील नायकाच्या प्रवासाचा आराखडा जॉर्ज लुकासने डोळ्यांपुढे ठेवला होता, ही गोष्ट त्याने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. युक्तिवाद मान्य करावा. पण मग त्याचा निष्कर्षही मान्य करावा. सुविनने मिथक आणि विज्ञानकथा यांत केलेला भेद येथे निर्णायक ठरतो. मिथक मानवी संबंधांना चिरंतन आणि पूर्वनियत मानते. विज्ञानकथा त्यांना बदलण्याजोगे मानते. ज्या कथेत जन्माने लाभलेली दैवी शक्ती इतिहासाचा निकाल लावते ती कथा मिथक असेल, सुंदर मिथकही असेल. परंतु मग तिला विज्ञानकथेच्या नावाने अभ्यासक्रमात, ग्रंथालयात आणि वाचकाच्या मनात जागा मागता येणार नाही. ज्या समाजात जन्म आणि लायकी यांचे नाते तोडण्यासाठी शतकभर संघर्ष करावा लागला, त्या समाजातील समीक्षकाने रक्तातून वाहणाऱ्या सामर्थ्याच्या कथेला निरुपद्रवी करमणूक समजून पुढे जावे, हेही आश्चर्यकारक आहे.

प्रामाणिक प्रतिपक्ष येथे 'अँडोर'चे उदाहरण देईल. २०२२ आणि २०२५ मध्ये दोन भागांत आलेल्या या मालिकेत तुरुंगातील सक्तीचे श्रम, गुप्तहेर खात्याची नोकरशाही, बंडासाठी लागणारा पैसा या गोष्टी गांभीर्याने येतात. ती 'स्टार वॉर्स'मधील सर्वोत्तम कृती आहे, हे मत अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु तिचा शेवट २०१६ च्या चित्रपटाने आधीच ठरवून टाकला होता. नायक कोठे, कशासाठी मरणार हे तिच्या पहिल्या दृश्यापूर्वीच प्रेक्षकाला ठाऊक होते. लेखकाला मिळालेले स्वातंत्र्य दोन विकलेल्या टोकांमधले आहे. बंदिस्त घरातील सर्वांत हवेशीर खोली म्हणून तिचे कौतुक जरूर करावे. घर मोकळे आहे असा मात्र त्यावरून निष्कर्ष काढू नये.

५

रुक्षतेच्या आरोपाचे उत्तर नळदुर्गाच्या किल्ल्यात पाहायला मिळते. बोरी नदीवर आदिलशाही काळात बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि महालाच्या गवाक्षातून ते समोर पडताना दिसते. पाहणारा थक्क होतो. डोक्यावरून वाहणारे पाणी आत का येत नाही, एवढा दाब भिंत कसा पेलते, हे कळल्यावर तो विस्मय ओसरत नाही, उलट वाढतो. विस्मय आणि आकलन यांचे वैर नाही. अज्ञातावर टिकणारा विस्मय पुढच्या चित्रपटात अधिक मोठ्या स्फोटाची मागणी करतो. ज्ञातातून निपजणारा विस्मय पुन्हा पुन्हा त्याच भिंतीपाशी येतो. पार्सेकची चूक म्हणूनच क्षुल्लक नाही. अंतराच्या एककाला काळाचे एकक म्हणून वापरणाऱ्या संहितेला अंतराविषयी विस्मय वाटत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे.

आणखी एका सोप्या नावडीपासून ही नावड निराळी काढली पाहिजे. या मालिका परकीय आहेत, आपल्या मातीतल्या नाहीत, म्हणून त्या नकोत, असा देशीवादाचा उथळ अर्थ लावणारा सूर मराठीत ऐकू येतो. वर आधारासाठी घेतलेले सुविन आणि लेम मराठवाड्याचे नाहीत. आणि १९९८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'कॅप्टन व्योम'ने नायकाला संस्कृत नाव दिल्याने साच्यात काडीचाही फरक पडला नव्हता. पुराणातील विमानांचा दाखला देऊन आपण हे सारे आधीच केले होते असे म्हणणारा वर्ग तर मालिकांचाच जुळा भाऊ आहे. दोघांनाही यंत्र हवे असते, यंत्रामागचे कारण नको असते.

प्रश्न मातीचा नसून प्रत्ययाचा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. त्यात उमरग्याच्या पलीकडच्या गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी, जिल्ह्यातील खेडी होती. भूस्थिर उपग्रहाची कल्पना १९४५ मध्ये मांडणारा आर्थर क्लार्क हा विज्ञानकथालेखकच होता. म्हणजे 'स्टार वॉर्स' पडद्यावर येण्यापूर्वीच अवकाश या परिसराच्या चावडीपर्यंत आले होते. पुढे २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत शेजारच्या सोलापुरात केंद्र ठेवून ढगांत क्षार फवारून पाऊस वाढविण्याचे शास्त्रीय प्रयोग झाले. एका जिल्ह्यावर पाडलेला पाऊस दुसऱ्या जिल्ह्याच्या वाट्याचा होता काय, हा प्रश्न विज्ञानाइतकाच नीतीचा आणि न्यायालयाचाही होऊ शकतो; ओलाव्याच्या शेतकऱ्याला चित्रपटाने जो प्रश्न विचारला नाही, तोच हा. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, भूकवचाचा स्थिर भाग म्हणून शास्त्रज्ञांनी निर्धास्त मानलेली भूमी हलली. लातूर जिल्ह्यातील किल्लारीसह धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि परिसरातील गावे भुईसपाट झाली, हजारो माणसे गेली. उरलेल्यांना दगड-मातीचे वाडे आणि वळणावळणाच्या गल्ल्या सोडून आखीव रस्त्यांच्या नव्या वसाहतींत राहायला जावे लागले. ज्ञात भूमी अज्ञात होणे, संपूर्ण गावाने दुसऱ्या ठिकाणी नवा समाज उभारणे, धरणाच्या पाण्याने भूकंप ओढवला काय, या वादात विज्ञानाने साक्षीदार होणे: अपरिचितीकरणाचा याहून थेट अनुभव कोणत्या परग्रहावर मिळणार आहे?

६

हे सर्व मान्य केले तर मराठी विज्ञानकथेलाही मोकळे सोडता येणार नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि नारळीकरांच्या कथालेखनाला आरंभ झाला. त्यानंतर बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आदींनी हा प्रकार रुजविला. परंतु त्यांच्याविषयीची समीक्षा विज्ञानप्रसार या एकाच उपयुक्ततेभोवती फिरत राहिली. कथेत विज्ञान किती आणि ते बरोबर आहे की नाही, एवढे तपासून समीक्षक थांबला. मालिकांचे समर्थक प्रेक्षकसंख्या मोजतात, मराठी समीक्षक विज्ञानाचे प्रमाण मोजत होता. कथेचे जग कसे रचले आहे हे दोघांनीही पाहिले नाही. प्रकाराचा परिसरही मुख्यतः मुंबई-पुण्याच्या संशोधनसंस्था आणि मध्यमवर्गीय घरे यांचाच राहिला. दुष्काळ ग्रामीण साहित्याकडे आणि भविष्य विज्ञानकथेकडे, अशी जणू वाटणी झाली. आणि दुष्काळी प्रदेशाला भविष्यच उरले नाही. ही रिकामी जागा अवकाशमालिकांनी भरून काढली असेल तर दोष केवळ त्यांचा नाही.

तरी दिशा दाखविणारी उदाहरणे मराठीतच आहेत. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाच्या प्राध्यापकाला असे जग भेटते जेथे १७६१ चा निकाल वेगळा लागला आहे. तेथे एकही अवकाशयान नाही. एक क्षण हलविला जातो आणि मुंबईच्या रस्त्यांपासून सत्तेच्या रचनेपर्यंत सर्व काही निराळे होते; आणि ते कसे शक्य झाले याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या एका गृहीतकात शोधले जाते. पानिपत हा मराठी मनाचा दुखरा भाग आहे, म्हणून कथेतील नवतत्त्व वाचकाला हलविते. स्थानिकता येथे सजावट नाही. नवतत्त्वाला वजन देणारी ती शक्ती आहे.

लोकप्रिय मालिकांवर बहिष्कार घालावा, असे यातून निघत नाही. त्या पाहाव्यात, त्यांचा अभ्यासही व्हावा; भांडवल, मालकी आणि मिथक यांच्या अभ्यासात त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्या विज्ञानकथेचे प्रवेशद्वार आहेत, हा दावा मात्र सोडून द्यावा. ज्या दारातून आत गेल्यावर पुन्हा त्याच अंगणात बाहेर पडावे लागते, त्याला प्रवेशद्वार म्हणत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रापासून मुंबई-पुण्याच्या मराठी विभागांपर्यंत जेथे जेथे विज्ञानकथा शिकविली जाईल, तेथे प्रत्येक संहितेला एकच प्रश्न आधी विचारला जावा: यातील नवी गोष्ट काढून घेतली तर काय कोसळते? 'ड्यून'मधून वाळवंट काढले तर कादंबरी कोसळते. नारळीकरांच्या कथेतून पानिपत काढले तर कथा कोसळते. अवकाशातील युद्धातून अवकाश काढले तर युद्ध तसेच चालू राहते. विज्ञानकथेच्या वाचकाची नावड या उत्तरावर उभी आहे, आणि हे उत्तर बदलेपर्यंत ती मागे घेण्याचे कारण दिसत नाही.